वळणापलीकडचा ठिपका

सरांबद्दल कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. एका वाक्यात सांगता येत नाही, आणि दोन वाक्यांत सांगायला गेले तर दुसरं वाक्य पहिल्याला खोटं पाडतं. माणूस विद्वान होता म्हणावं, तर विद्वान माणूस चिमट्याने एकेक शेंगदाणा उचलून खातो का? तिरसट म्हणावं, तर त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नाही, आणि माझ्या हातून जे झालं त्यानंतरही आवाज चढवला नाही. आमचा ऑपरेटर दत्ता त्यांना सरळ 'सटकेल' म्हणायचा. मालक सकाळी 'देवमाणूस' म्हणायचे आणि संध्याकाळी असं काही म्हणायचे की ते इथे लिहिता येणार नाही. मी अजून काही ठरवलेलं नाही. ठरवून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे, पण मला माझीच फारशी खात्री नाही.

आमचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत होतं. गाड्यांच्या सुट्या भागांवर लेझरने नंबर आणि चौकोनी कोड कोरायचं काम. चाकणच्या कंपन्यांकडून क्रेटच्या क्रेट यायचे. आम्ही कोरायचो, पुसायचो, तपासायचो आणि परत पाठवायचो. मी क्वालिटीत होते. क्वालिटी म्हटलं की ऐकायला भारदस्त वाटतं, प्रत्यक्षात एका हातात स्पिरिटचा बोळा आणि दुसऱ्या हातात भिंग. लेझर चालला की धातूवर काजळी धरते. ती पुसल्याशिवाय जॉब, म्हणजे कोरलेला भाग, टेबलावर ठेवायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. पहिल्या महिन्यातच मला अशी सवय लागली की घरी चहाचा कपसुद्धा मी आधी पुसायची आणि मग तोंडाला लावायची.

मालक भोसरीचेच, जुन्या गावकीतले. धंद्यात पक्के, पण यंत्र दिसलं की विरघळायचे. एका प्रदर्शनात त्यांनी एक परदेशी लेझर पाहिला आणि घेऊनच आले. साधा लेझर धातूला भाजतो, हा म्हणे इतक्या कमी वेळात टिचकी मारतो की धातूला भाजायलाही सवड मिळत नाही. मशीन आलं, बसलं, नारळ फुटला, आणि मग लक्षात आलं की ते चालवायचं कसं हे कोणालाच ठाऊक नाही. मालक स्वतःच सांगायचे, "म्हस आणली राव, आन् धार काढनारा न्हाई!" तो धार काढणारा म्हणजे सर.

ते आधी कुठल्याशा संशोधन संस्थेत होते. ती नोकरी का सोडली, याचं त्यांनी मला एकदा उत्तर दिलं, "तिथे वेळ होता, यंत्र नव्हतं." काही महिन्यांनी पुन्हा विचारलं तर म्हणाले, "यंत्र होतं, पण रांग होती." तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. मालकांशी त्यांचा करार मात्र साधा होता. सहा दिवस ते कंपन्यांच्या ऑर्डरी काढून देणार आणि गुरुवारी मशीन त्यांचं. गुरुवारी आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी असते. मालकांना वाटलं, सुट्टीच्या दिवशी पडून राहिलेलं मशीन देऊन स्वस्तात विद्वान मिळाला. सरांना गुरुवारच का हवा होता, ते मला पुढे कळलं.

आमची पहिली भेट माझ्या कामाच्या पहिल्याच दिवशी झाली. मी डबा ठेवत होते, तर मागून आवाज आला, "एक केस देता का?"

वळून बघते तर पन्नाशीचे गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, पायांत रबरी स्लिपर, हातात चिमटा.

"कसला केस?" मी विचारलं.

"तुमचा. डोक्याचा. गळलेला असला तरी चालेल."

नोकरी नवी नसती तर मी त्यांना तिथेच चार शब्द सुनावले असते. माझा स्वभाव तसा आहे, माहेरी विचारा. पण पहिला दिवस होता. मी वेणीतून एक केस ओढून दिला. त्यांनी तो चिमट्यात धरून नेला आणि दहा मिनिटांनी परत येऊन सांगितलं, "सत्तर मायक्रॉन. चांगला जाड आहे." आणि निघून गेले. ही स्तुती होती की आणखी काही, मला कळेना. रहाटणीला घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, उद्यापासून स्कार्फ बांधून जा.

मग कळलं की सगळ्यांचेच केस त्यांच्याकडे होते. काडेपेट्यांत घालून, वर नाव लिहून. मालकांचा होता, दत्ताचा होता, वॉचमनचा होता. सरांचं मापच ते होतं. दत्ताला ते सांगायचे, "प्लेट अर्धा केस डावीकडे घ्या." दत्ता बीडचा, तो पुटपुटायचा, "अर्धा केस म्हंजी कुनाचा? माझा का मालकाचा?" मला वाटायचं तो थट्टा करतोय. एकदा सरांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "मालकांचा. तुमचा फार पातळ झालाय, जेवत जा."

मी धीर करून एका दुपारी विचारलं, "सर, गुरुवारी तुम्ही नक्की करता काय?"

त्यांनी कपाटातून एक काच काढली. बोटभर लांबीची, आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. मुलामा तरी किती, तर डोळ्यासमोर धरली की पलीकडची ट्यूबलाइट हिरवट दिसायची. सोन्यातून आरपार दिसतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"या सोन्याच्या अंगावरून प्रकाश चालवतो," ते म्हणाले.

"अंगावर पाडता?"

"पाडत नाही. चालवतो. पृष्ठभागाला चिकटून सरपटत जातो तो."

"किती लांब?"

"तुमच्या एका केसाच्या रुंदीइतका. फार तर. मग मरतो."

"मरतो म्हणजे?"

"सोनं गरम होतं. तेवढंच."

माझं डोकं गरगरलं. एवढं मोठं मशीन, एवढा शिकलेला माणूस, आणि प्रकाश चालणार केसाच्या रुंदीइतका! आमच्या वाकडच्या पुलावर ट्रॅफिक तरी यापेक्षा पुढे सरकतं. तसं मी बोलून दाखवलं. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "सरळ चालतो हे सगळ्यांना माहीत आहे. मला तो वळवायचा आहे. इथून निघाला, इथे वळला, तिथे पोचला. एकदा वळला की मग त्याच्याकडून कामं करून घेता येतील."

वळवायचा कसा, तेही त्यांनी समजावलं, आणि ते मात्र मला समजलं. लेझरची एक टिचकी बसली की सोन्याचा तो पातळ थर तिथल्या तिथे फुगतो, तव्यावरच्या पोळीला फोड येतो तसा. असे फोड ओळीने पाडायचे. दोन रांगा, मध्ये वाट. वाट पुढे जाऊन वाकडी करायची. प्रकाशाला रांगा ओलांडता येत नाहीत, तो मधून जातो. मालक हे ऐकून खूश झाले होते. "म्हंजी पाटाचं पानीच की! दोन्ही अंगाला वरंबा घातला की जाईल कुटं?" सर म्हणाले, तसंच, फक्त पाणी वाटेत मरत नाही. मालक म्हणाले, "मरतंय सर, तुमी आमचा पाट बघितला न्हाई."

फोड इतके लहान की एका केसाच्या रुंदीत शंभराच्या वर बसावेत. आणि ते पडत असताना काच हलता कामा नये. हलायचं तर सोडाच, थरथरताही कामा नये. आता आमच्या भिंतीला लागून पॉवर प्रेसचं शॉप. तिथे दिवसभर धाड धाड पत्रे ठोकले जायचे. सर एका स्टीलच्या पेल्यात पाणी भरून मशीनच्या टेबलावर ठेवायचे आणि त्यातल्या लहरींकडे बघून सांगायचे, "दोनशे टनी प्रेस चालू आहे. आता साठ टनी सुरू झाला. आता जेवायला बसले." म्हणून गुरुवार. त्या दिवशी शेजार थंड असायचा. पण अधूनमधून त्यांना ओव्हरटाइम लागायचा, आणि मग गुरुवारीही धाड धाड. सर स्लिपर फटफटवत तिकडे जायचे आणि हात जोडून म्हणायचे, "फक्त चार मिनिटं." मी एकदा मागे गेले, आता भांडण होणार म्हणून. तिथला फोरमन म्हणजे पैलवान गडी. त्याने घड्याळाकडे बघितलं, हात वर केला आणि अख्खी लाइन थांबवली. सर परत आले. मी फोरमनला विचारलं, तुम्ही ऐकता कसं यांचं? तो म्हणाला, "आवो मॅडम, हात जोडून चार मिनिटं मागनारा मानूस म्या दुसरा बगितला न्हाई. लोकं रस्ता मागत्यात, जागा मागत्यात. ह्यो गप बसा म्हनतो." त्यात कारण काय होतं ते मला आजही नीटसं कळलेलं नाही, पण लाइन थांबायची हे खरं.

ते दिघीला राहायचे. लष्कराच्या जमिनीला लागून कुठेतरी एक खोली. का, तर शेजारी कोणी बांधकाम काढणार नाही. आयुष्यभर त्या माणसाने शांत जमीन शोधली आणि नोकरी धरली भोसरीत!

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे चित्रं काढायला लावणं. गुरुवारी काही जमलंसं वाटलं की शुक्रवारी सकाळी जो दिसेल त्याला ते सूक्ष्मदर्शकापाशी बसवायचे. चहावाला, वॉचमन, क्रेट घेऊन आलेला टेम्पोवाला, कोणीही. हातात कोरा कागद आणि पेन्सिल द्यायचे. काय दिसतंय, असं विचारलं की एकच वाक्य, "आधी काढा, मग बोला." काय दिसायला हवं ते आधी कधीही सांगायचे नाहीत. टेम्पोवाल्याला वाटलं डोळ्यांची तपासणी आहे, त्याने चष्मा किती नंबरचा लागेल म्हणून विचारलं. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, सांगून दाखवलंत तर माणसाला दिसेल तरी!"

"सांगून दाखवलं की माणूस बघत नाही," ते म्हणाले, "मान डोलावतो."

काय बघायचं होतं ते त्यांनी मलाही फार उशिरा सांगितलं, तेही माझी चाळीसेक चित्रं काढून झाल्यावर. जिथे प्रकाश सोन्यावर चढतो तिथे एक तांबडा ठिपका दिसतो. मग तो सरपटत जातो, तेव्हा वरून काही दिसत नाही. वळणापलीकडे वाटेच्या शेवटी एक मोठा फोड पाडलेला असे. तिथवर प्रकाश पोचला तर तो त्याला धडकून वर उसळणार, आणि दुसरा ठिपका दिसणार. दोन ठिपके म्हणजे वळला. एक म्हणजे नाही. सर्वांच्या सगळ्या कागदांवर एकच ठिपका होता. मालकांनी त्या ठिपक्याला मिशा काढल्या होत्या.

असं वर्ष गेलं. पावसाळा संपता संपता मालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मी बिलं दाखवायला आत होते, म्हणून ऐकलं. मशीनला गिऱ्हाईक लागलं होतं. कोरीवकामासाठी ते फार महागात पडत होतं, त्याच्या जोगती ऑर्डर येत नव्हती. पण मालकांना सरांचं मन मोडवेना. त्यांनीच ओळखी काढून एका बाहेरगावच्या कंपनीचे दोन तज्ज्ञ बोलावले होते. ते असल्याच कामात पैसा घालायचे.

"दसऱ्यानंतरच्या गुरुवारी येत्यात," मालक म्हणाले. "त्यांना तुमचं त्ये वळान दिसलं, तर मशीन हितंच, तुमी बी हितंच. न्हाई दिसलं तर मला द्यावं लागल. मंग मला बोल लावू नका."

सर म्हणाले, "बरोबर आहे." एवढंच. बाहेर येऊन त्यांनी पेल्यात पाणी भरलं आणि बघत बसले.

त्याच दिवशी मालकांनी सगळ्यांना दम भरला. सरांच्या टेबलाला कोणी हात लावला तर दुसरी नोकरी बघायची. बोलताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं, कारण माझा बोळा सगळीकडे फिरायचा, आणि मी अजून कायम झालेले नव्हते. नवऱ्याची कंपनी तेव्हा बंद पडली होती, घर माझ्या पगारावर चाललेलं. मी टेबलाच्या बाजूने जाणंसुद्धा सोडलं.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्या पट्ट्यात त्या दिवशी कारखान्याकारखान्यांत पूजा असते. मशीनं धुऊन पुसून, झेंडूची माळ, हळदीकुंकू, नारळ. आमच्या शॉपमधली आणखी एक पद्धत होती. प्रत्येक मशीनसमोर त्या मशीनने केलेला एक चांगला जॉब ठेवायचा आणि त्यालाही कुंकू लावायचं. आणि कुंकू लावायचं माझ्याकडे, कारण तिथे बाई मी एकटीच. सर त्या दिवशी येत नसत. शेजारी ढोल वाजायचा, तो पेला त्यांना बघवत नसे. मालक भावकीच्या पूजेला गेले होते. मी आणि दत्ता एकेक मशीन करत आलो. कुठे गिअर ठेवला, कुठे ब्रॅकेट. सरांच्या मशीनपाशी आलो तर समोर काहीच नाही.

दत्ता म्हणाला, "मॅडम, हिच्यापुढं काय ठिवावं?"

"राहू दे. हिला नुसती माळ घाल."

"आसं कसं? समद्या मशिनीला जॉब, आन् हिलाच न्हाई? आठ दिसांवर पावनं आलेत. बिनपूजेची ठिवायची का?"

खरं सांगते, मला ते लागलं. देवाधर्मातली मी फार नाही, पण त्या माणसाचं वर्षभराचं काम एका गुरुवारवर टांगलेलं, आणि त्याचंच मशीन ओकंबोकं! कपाटाला कुलूप नव्हतं. दत्ताने काच काढून दिली. मी ती फुलांवर ठेवली, वाटीत बोट बुडवलं आणि ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं त्या सोन्यावर उठवली. सरांचं काम होऊ दे, असं मनातल्या मनात म्हटलंसुद्धा. नंतर बोळ्याने पुसून ठेवू, असं ठरलं होतं. मग प्रसाद आला, पेढे वाटायचे होते, आणि काच तिथेच विसरली.

दसरा झाला, दुसऱ्या दिवशी सर माझ्या आधी येऊन बसले होते. काच त्यांच्यासमोर होती. दारातूनच मला लाल-पिवळं दिसलं. मी सरळ जाऊन सांगितलं, "सर, मी लावलं. तुमचं काम व्हावं म्हणून लावलं."

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग होता का? मला तो वाचता आला नाही, आणि पुढेही कधी आला नाही.

"पुसलं नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काहीतरी उरलं असेल."

सोनं काचेला नुसतं टेकलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. बोळा एकदा फिरला असता की सगळं गेलं असतं. तो दिवस आणि दुसरा दिवस ते ड्रॉपरने एकेक थेंब पाणी सोडत बसले. मी शेजारी दिवा धरून उभी. कुंकू निघायचं, आणि त्याच्याबरोबर सोन्याचे बारीक पापुद्रे तरंगत यायचे. माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. ते म्हणाले, "लांब उभ्या राहा, त्यात मीठ असतं." काचेवर पाडलेल्या बारा वळणांपैकी एक उरलं. त्याच्यावरही कुंकवाची रेती बसलेली होती, ती काही निघेना. नवी काच यायला दोन महिने लागणार होते.

गुरुवारी पाहुणे आले. एक वयस्क बाई आणि एक तरुण गृहस्थ, दोघंही कमी बोलणारे. शेजार शांत होता. सरांनी त्यांनाही कोरे कागद दिले. गृहस्थांना ते आवडलं नाही, पण बाई मुकाट्याने बसल्या. मग गृहस्थ बसले, मालक बसले, शेवटी मी. मी डोळा लावला. तांबडा ठिपका होता. तिथून पुढे बारीक बारीक कण पेटल्यासारखे ओळीने दिसत होते, सरळ, मग वाकून, मग पलीकडे. आणि टोकाला दुसरा ठिपका. वर्षभर जे मी कधी पाहिलं नव्हतं ते अगदी स्पष्ट दिसत होतं. माझी पेन्सिल कागदातून आरपार गेली.

सरांनी चारही कागद टेबलावर एका ओळीत मांडले. चारही कागदांवर वळण होतं. मालकांनी टाळी वाजवली, "हाय की! वळलंय की!" बाई हसल्या. गृहस्थांनी बॅगेतून फाइल काढली. मी दत्ताचा हात धरून दाबला, मला भानच नव्हतं.

सर कागदांकडे खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "फाइल थोडं थांबवा. तुम्हाला जे दिसलं ते कुंकू आहे."

तेच पुढे सांगू लागले. या काचेवर कुंकवाचे कण राहिले आहेत. कवडशात धूळ चमकते तसे ते चमकतात. कदाचित सोन्यावरून जाणाऱ्या प्रकाशाने चमकले असतील, मग तो खरंच वळला. कदाचित इकडून तिकडून उडालेल्या प्रकाशाने चमकले असतील, आणि शेवटचा ठिपकासुद्धा एखादा कण असेल. मग वळला नाही. "यातलं कोणतं खरं ते मला माहीत नाही. कुंकवाशिवाय मी हे अजून कोणाला दाखवू शकलेलो नाही."

बाईंनी विचारलं, "कुंकवाशिवाय दाखवायला किती वेळ लागेल?"

"तीन महिने. जमलं तर."

बाईंनी मालकांकडे पाहिलं. मालक खाली बघत होते. कळवतो म्हणून पाहुणे गेले, आणि त्यांनी काही कळवलं नाही.

पंधरा दिवसांनी मशीन क्रेनवर चढलं. सर काडेपेट्या पिशवीत भरत होते. मी जाऊन उभी राहिले. मला राग आला होता, त्यांचा, माझा, त्या झेंडूच्या माळेचासुद्धा.

"सर, एक सांगा. वळला होता की नाही?"

"तुम्ही काय काढलंत?"

"वळण."

"मग तुम्ही वळण पाहिलंत."

"मी प्रकाशाचं विचारतेय."

त्यांनी हातातली काडेपेटी पिशवीत टाकली. "मला वाटतं, वळला होता," ते म्हणाले. "पण वाटत तर मला वर्षभर होतंच."

त्यानंतर ते मला भेटले नाहीत. कोणी म्हणतं दक्षिणेत कुठल्या प्रयोगशाळेत आहेत. दत्ताने त्यांना म्हणे मोशीच्या बाजाराबाहेर पिशवी घेऊन उभे असलेलं पाहिलं. फोन लागत नाही. त्यांचं ते वागणं मला समजत नाही, असं मी सगळ्यांना सांगते, आणि लोकही मान डोलावतात की हो, विद्वान माणसं असतातच विक्षिप्त. पण मी सांगताना दरवेळी एक गोष्ट गाळते. वरही गाळली आहे.

पाहुण्यांची गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मालक फुटले. "आवं, दिसलं व्हतं ना त्यान्ला? मंग गप ऱ्हायला काय झालं व्हतं तुमाला? माझी मशीन ग्येली, तुमची नोकरी ग्येली!" सर उभे राहून ऐकत होते. मग मालकांच्या डोक्यात दुसराच प्रकाश पडला. ते थांबले. "आन् काचंवर कुंकू आलं कुटनं? टेबलाला हात लावू नका म्हनून सांगितलं व्हतं म्या. कुनी लावलं?" आणि त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. दुसरीकडे कुठे जाणार? आमच्याकडे कुंकू कोण लावतं हे त्यांना माहीत होतं. दत्ता भिंतीकडे बघायला लागला.

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं.

"मी लावलं," सर म्हणाले. "सणाचा दिवस होता."

ढोल वाजतो म्हणून त्या दिवशी घराबाहेर न पडणारा माणूस! मालकांना ते पटलं नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते माझ्याकडेच बघत होते. माझ्या एका शब्दाची ते वाट बघत होते. सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ते चार कागद गोळा करत होते. ज्याने आपल्या वर्षभराच्या कामासाठी एक कण खोटं चालवून घेतलं नाही, त्याने ते माझ्यासाठी इतक्या सहज कसं बोलावं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मला एवढंच कळलं की मी गप्प बसले आहे. मालक आणखी थोडा वेळ थांबले आणि केबिनमध्ये निघून गेले.

पुढच्या महिन्यात मला कायम केलं.